जुनं यंत्र ठेवावं की बदलावं: इंदुरात नव्याने धंदा हाती घेणाऱ्यांसाठी

इंदुरात मराठी घरांतून चालणारे छोटे धंदे काही कमी नाहीत. मसाले-पापड, पोळीभाजी केंद्र, पिठाची गिरणी, शिवणकाम, छापखाना. सुदामानगर असो की रामबाग, एखाद्या घराच्या मागच्या खोलीत पाच हॉर्सपॉवरची मोटर फिरत असते आणि तिच्यावर घर चालत असतं. अलीकडे यातले बरेच धंदे पुढच्या पिढीच्या हाती येताहेत. सासूबाईंचा मसाल्याचा व्याप सून सांभाळू लागते, नोकरी सोडून आलेला मुलगा वडिलांच्या गिरणीत बसतो. धंद्याबरोबर यंत्रंही येतात, आणि मग लवकरच प्रश्न उभा राहतो: हे जुनं धूड ठेवायचं की काढायचं?

बहुतेक वेळा या प्रश्नाचं उत्तर यंत्र बंद पडतं त्या दिवशी दिलं जातं. दिवाळी तोंडावर, ऑर्डर अडकलेली, मिस्त्री फोन उचलत नाही, आणि दुकानदार म्हणतो, संध्याकाळपर्यंत नवीन बसवून देतो. अशा दिवशी माणूस एक तर घाबरून नवं घेतो, नाही तर घाबरून जुन्यावर पैसे ओततो. हा निर्णय यंत्र चालू असताना, हातात वही घेऊन घ्यायचा असतो. मसाल्याच्या धंद्यात त्यासाठी पावसाळा बरा. उन्हाळ्यात घरोघरी निमाडच्या मिरचीचं वर्षाचं तिखट होतं. गणपतीपासून दिवाळीपर्यंत मान वर करायला फुरसत नसते. मधले दीड-दोन महिने मोकळे मिळतात. तुमच्या धंद्याचा मंद महिना कोणता ते आधी ठरवा आणि पुढचं सगळं त्या महिन्यात करा.

मी मसाल्यातली, त्यामुळे उदाहरणं बरीचशी मसाल्याच्या चक्कीची म्हणजे पल्वरायझरची देते. पीठ, लाकूडकाम, शिवणकाम, कुठलंही काम असलं तरी रीत हीच.

पायरी 1: प्रत्येक यंत्राला वहीत एक पान द्या

दोनशे पानी वही पुरते. प्रत्येक यंत्राचं नाव वर लिहा. खाली कधी घेतलं, कितीला घेतलं, बिल कुठे आहे, कोण दुरुस्त करतं, सुटे भाग कुठे मिळतात. घरातल्या मोठ्यांना विचारून हे आत्ताच लिहून घ्या. ही माहिती बहुधा एकाच माणसाच्या डोक्यात असते.

मोटरवर धातूची एक छोटी पाटी असते. तीवर रंगाचे थर आणि तेलकट धूळ बसलेली असते. मेन स्विच बंद करून, रॉकेलच्या फडक्याने ती घासून काढा आणि फोटो घ्या. हॉर्सपॉवर किंवा किलोवॅट, फेरे, व्होल्ट, अँपिअर, सगळं तिथे लिहिलेलं असतं. 1 हॉर्सपॉवर म्हणजे 746 वॅट. पाच हॉर्सपॉवरच्या थ्री फेज (तीन तारांतून वीज घेणाऱ्या) मोटरवर साधारण सात-साडेसात अँपिअर असा आकडा दिसेल. तो लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

पायरी 2: बंद पडण्याची नोंद ठेवा

तारीख, काय बिघडलं, किती खर्च आला, किती तास काम थांबलं. एवढे चार रकाने. मागच्या वर्षाचं काहीच लिहिलेलं नसेल तर मिस्त्रीला फोनवरून पाठवलेले पैसे बघा, तारखेसकट सापडतात. सुट्या भागांची बिलं गल्ल्यात किंवा कॅलेंडरच्या खिळ्याला अडकवलेली असतात.

चौथा रकाना सगळ्यात महत्त्वाचा, आणि नेमका तोच कोणी भरत नाही. बेअरिंग आठशेचं आलं हे सगळ्यांना आठवतं. ते येईपर्यंत दीड दिवस दोन बायका बसून होत्या, त्यांची मजुरी द्यावीच लागली, आणि एका गिऱ्हाइकाने माल दुसरीकडून घेतला, हे कुठेच लिहिलेलं नसतं. खरा खर्च बहुतेक वेळा तिथेच असतो.

पायरी 3: यंत्राला दोष देण्याआधी बाकीचं तपासा

ही पायरी गाळून पुढे गेलेली माणसं नवं यंत्र घेतात आणि तेही सहा महिन्यांत जळतं. वर्षात दोनदा मोटर जळाली असेल तर मोटर नाही, तिच्या मागची व्यवस्था आधी बघा. थ्री फेज लाइनमधला एक फेज गेला की मोटर उरलेल्या दोन फेजवर घोंघावत राहते, तापते आणि जळते. पावसाळ्यात आपल्याकडे फेज जाणं काही नवीन नाही. यासाठी सिंगल फेज प्रिव्हेंटर नावाचं छोटं उपकरण मिळतं. नव्या मोटरच्या किमतीपुढे त्याची किंमत काहीच नाही. ते तुमच्या स्टार्टरमध्ये आहे का बघा. ओव्हरलोड रिले, म्हणजे भार वाढला की मोटर बंद करणारा भाग, मोटरच्या अँपिअरला धरून लावलेला आहे, की वारंवार ट्रिप होतो म्हणून कोणी शेवटपर्यंत फिरवून ठेवलाय, हेही बघा. हा प्रकार मी फार ठिकाणी पाहिलाय आणि प्रत्येक वेळी वाईट वाटतं, कारण मोटर वाचवायला बसवलेली गोष्ट आपणच निकामी करून ठेवतो.

मग पट्टे. दोन पुल्यांच्या मधोमध पट्टा अंगठ्याने दाबा. फार ढिला असेल तर घसरतो, फार ताणलेला असेल तर बेअरिंग खातो. तीन पट्टे असतील तर तिन्ही एकदम बदला. एक नवा आणि दोन जुने घातले तर सगळा भार नव्यावर येतो.

इलेक्ट्रिशियन आला की त्याला क्लॅम्प मीटर आणायला सांगा आणि यंत्र भरून चालू असताना तिन्ही फेजचे अँपिअर मोजून घ्या. पाटीवरच्या आकड्याहून जास्त येत असतील किंवा तिन्हींत दहा टक्क्यांहून जास्त फरक असेल, तर काहीतरी बिनसलेलं आहे. मोटरमध्ये, लाइनमध्ये की चक्कीत, हे शोधणं त्याचं काम.

पायरी 4: एक यंत्र म्हणून बघू नका, भाग वेगळे करून बघा

मला या लेखातून सांगायचंय ते मुख्यतः हेच. "ठेवू की काढू" असा प्रश्न विचारला की आपण अख्ख्या यंत्राबद्दल बोलतो. प्रत्यक्षात त्यात चार गोष्टी असतात आणि चारींचं आयुष्य वेगवेगळं असतं: बॉडी, मोटर, झिजणारे भाग, आणि स्टार्टर-पॅनल-वायरिंग.

जुन्या चक्क्यांची बॉडी बिडाची, जाड आणि जड. आजच्या पातळ पत्र्याच्या यंत्रांपेक्षा ती कमी थरथरते. तिला तडा गेलेला नसेल आणि शाफ्टची (फिरणाऱ्या दांड्याची) बसण्याची जागा झिजून सैल झालेली नसेल, तर ती अजून बरीच वर्षं जाते. तडा असेल तर मात्र गोष्ट संपली. बिडाला मारलेलं वेल्डिंग धक्के खाणाऱ्या यंत्रात टिकत नाही, मिस्त्री कितीही भरवसा देवो. तडा शोधायचा तर बॉडी घासून कोरडी करा, पायाच्या बोल्टांभोवती आणि बेअरिंगच्या बैठकीजवळ टॉर्चने बघा. रंगाखाली लपलेली बारीक रेघ तिथेच सापडते.

शाफ्टसाठी मेन स्विच बंद करा, पट्टा काढा आणि पुली दोन्ही हातांनी धरून वर-खाली, मागे-पुढे हलवा. खटखट जाणवली तर बहुधा बेअरिंग गेलंय. बेअरिंग नवं घालूनही खटखट राहिली तर शाफ्ट किंवा त्याची बैठक झिजलीय, आणि तो खर्च मोठा. यंत्र चालू असताना लांब स्क्रूड्रायव्हरचं टोक बेअरिंगच्या स्थिर बैठकीवर टेकवून मूठ कानाला लावली तर चांगलं बेअरिंग एकसुरी गुणगुणतं, गेलेलं करकरतं. जुने मिस्त्री असंच ऐकतात. फिरत्या भागापासून ओढणी, पदर, बाही, केस लांब ठेवा.

झिजणारे भाग म्हणजे आत फिरून माल फोडणाऱ्या हातोड्या आणि तो गाळणारी जाळी. हातोड्यांच्या कडा गोल झाल्या की मिरची कापली जात नाही, नुसती बडवली जाते. माल वेळ घेतो, तापतो, तिखटाचा रंग मंद होतो आणि वास उडतो. गिऱ्हाईक "या वेळी तिखट जरा वेगळं लागलं" म्हणतं त्यामागे अनेकदा हातोड्या असतात. एक कड झिजली असेल तर हातोड्या उलटवून दुसरी कड वापरता येते. बदलायच्या तेव्हा अख्खा संच बदला, नाही तर वजन असमान होऊन रोटर थरथरतो आणि बेअरिंग पुन्हा जातं. एवढ्यासाठी कोणी चक्की काढू नये. आणि दळलेल्या मालावरून लोहचुंबक फिरवायची सवय जुन्या-नव्या दोन्ही यंत्रांना लावा.

मोटर एकदा नीट रिवाइंड केलेली (जळालेली तार काढून नवी गुंडाळलेली) असेल तर चालते. दोन-तीनदा केलेली असेल, त्यातून घाईघाईत, तर ती त्याच कामाला जास्त वीज खाते. ती किती खाते, हे आता काढू.

पायरी 5: एक दिवस मोजमापाचा

वीस किलो मिरची तोला. बाकी सगळी यंत्रं, पंखे, फ्रीझर बंद करा. मीटरचं रीडिंग घ्या, घड्याळ बघा, मिरची दळा, पुन्हा रीडिंग घ्या. किलोमागे किती युनिट आणि किती मिनिटं लागली ते वहीत लिहा. मिरची तीच, जाळी तीच, सुकवण तीच ठेवा, म्हणजे पुढच्या मोजणीशी तुलना करता येईल. हळद वेगळी मोजा, ती कडक असते. वर्षातून दोनदा एवढं केलं की यंत्र उतरणीला लागलंय की नाही, हे मिस्त्रीला विचारावं लागत नाही.

पायरी 6: हिशेब मांडा

खालचे आकडे नमुन्याचे आहेत. रीत समजून घ्या आणि आकडे तुमच्या वहीतले घाला.

समजा पाच हॉर्सपॉवरची मोटर दिवसाला आठ तास, वर्षात 300 दिवस पूर्ण भारावर चालते. जुनी, रिवाइंड झालेली मोटर 80 टक्के कार्यक्षम धरू आणि नवी, आयई-3 दर्जाची (कमी वीज खाणारी), 88 टक्के. पाच हॉर्सपॉवर म्हणजे 3.73 किलोवॅट. जुनी तासाला 4.66 युनिट घेईल, नवी 4.24. फरक 0.42 युनिटचा. दिसायला क्षुल्लक, पण 2,400 तासांचे साधारण हजार युनिट होतात. युनिट आठ रुपये धरलं तर वर्षाला 8,000 रुपये. तुमचा दर तुमच्या बिलावर बघा. औद्योगिक आणि गैरघरगुती जोडणीचे दर वेगळे असतात. हीच चक्की दिवसाला दोनच तास चालत असेल तर बचत 2,000 वर येते आणि मग विजेसाठी मोटर बदलण्यात काही अर्थ राहत नाही. जास्त चालणाऱ्या यंत्रावर आधी पैसे घाला, ही गोष्ट इथून निघते.

आता वर्षाची बेरीज. दुरुस्ती 18,000. वर्षात नऊ दिवस बंद. त्या दिवशी दीडशे किलो माल दहा रुपये किलोने बाहेर दळून आणला, आपल्याकडची वाचलेली वीज वजा केली, तर दिवसाला 1,200 रुपये जादा गेले. म्हणजे 10,800. त्यात जादा विजेचे 8,000. जुन्या चक्कीचा त्रास वर्षाला 36,800 रुपयांचा.

नवी चक्की 1,10,000 ची, जुनीचे 20,000 आले, म्हणजे खिशातून 90,000. नव्यालाही वर्षाला 5,000 देखभाल लागेल. मग वर्षाची बचत 31,800, आणि पैसे वसूल व्हायला दोन वर्षं दहा महिने. कर्ज काढलं तर व्याज यावर.

तिसरा रस्ता बघा. बॉडी चांगली आहे, म्हणून ती ठेवली. नवी मोटर 22,000, बेअरिंग, हातोड्या, जाळी, पट्टे 9,000. एकूण 31,000. विजेचे 8,000 वाचले, दुरुस्ती निम्म्यावर आली म्हणजे 9,000, आणि नऊपैकी सहा दिवसांचं बंद पडणं टळलं म्हणजे 7,200. वर्षाला 24,200. पैसे सव्वा वर्षात परत. या उदाहरणात चक्की काढण्यापेक्षा तिची मोटर बदलणं सरस ठरतं. बॉडीला तडा असता तर हा रस्ता बंद होता आणि नवी घेणंच बरोबर होतं.

माझा ठोकताळा असा: तीन वर्षांच्या आत पैसे वसूल होत असतील तर बदला, पाचाहून जास्त लागत असतील तर ठेवा. मधल्या पट्ट्यात असाल तर सुटे भाग मिळतात का आणि तुमचा धंदा वाढतोय का, या दोन गोष्टींवर ठरवा. गेल्या वर्षीच्या मसाल्याच्या हंगामात चक्की रोज रात्री दहापर्यंत चालवूनही ऑर्डर परत कराव्या लागल्या असतील, तर दुरुस्तीचा हिशेब बाजूला ठेवा. तुम्हाला मोठं यंत्र हवंय.

एक आकडा या हिशेबात कुठेच घ्यायचा नाही. मागच्या महिन्यात दुरुस्तीवर गेलेले सहा हजार. "आत्ताच तर एवढे घातले" हे वाक्य घरात हमखास ऐकू येतं. ते पैसे ठेवलं तरी गेले, काढलं तरी गेले. इथून पुढे कशात किती जाणार, एवढंच मोजायचं.

घरच्यांच्या भावनेचंही बोलून घ्यावं. सासऱ्यांनी पहिलं कर्ज काढून घेतलेली चक्की असेल, तर तिच्यासमोर आकड्यांची वही घेऊन उभं राहणं जड जातं. मोजमापाच्या दिवशी त्यांनाच बरोबर घ्या, घड्याळ त्यांच्या हातात द्या. त्यांना यंत्राचा आवाज तुमच्यापेक्षा जास्त कळतो, आणि किलोला किती युनिट लागली हे त्यांनी स्वतः पाहिलं की पुढचं बोलणं सोपं होतं.

पायरी 7: जिथे हिशेब करायचा नाही

शॉक देणारं यंत्र त्याच दिवशी बंद. अर्थिंग तपासून दुरुस्त होईपर्यंत कोणी हात लावायचा नाही. पट्ट्यावरची जाळी गायब असेल तर बसवून घ्या, हजार-दीड हजारात होते. शेगडीच्या गॅसची सुरक्षा नळी पाच वर्षांनी बदलायची असते, चांगली दिसत असली तरी. तारीख नळीवर छापलेली असते. खाद्यपदार्थाला लागणारा भाग गंजलेला असेल तर तो बदलायलाच हवा. अन्न परवान्याच्या नियमांतही मालाला लागणारी भांडी-यंत्रं न गंजणारी हवीत, असं स्पष्ट आहे.

वजनकाट्याचं वेगळं. इलेक्ट्रॉनिक काट्यावर नापतौल विभागाची मोहर दर 12 महिन्यांनी नवी करून घ्यावी लागते, आणि दुरुस्त केलेला काटा मोहर लावल्याशिवाय वापरता येत नाही. दुरुस्ती परवानाधारकाकडूनच करा. काटा दर वर्षी तपासणीत अडकत असेल तर नवा घ्या, यात फार विचार करण्यासारखं नाही.

फ्रीझर आणि संगणक

डीप फ्रीझर दिवसरात्र चालतो, म्हणून त्याची वीज आधी मोजा. बाकी सगळं बंद ठेवता येईल असा सुटीचा दिवस धरा आणि चोवीस तासांचं रीडिंग घ्या. जुना सहा युनिट घेत असेल आणि तेवढ्याच आकाराच्या नव्याच्या लेबलवरून दिवसाला तीन निघत असतील, तर आठ रुपयांनी वर्षाला 8,760 रुपयांचा फरक पडतो. पण त्याआधी दाराचं रबर बघा. नोट दारात अडकवून दार लावा आणि ओढा. सहज सुटली तर रबर गेलंय, आणि ते थोडक्यात बदलतं. मागच्या कॉइलवरची धूळ ब्रशने काढा, भिंतीपासून वीतभर अंतर ठेवा. एवढ्यानेही पुष्कळ फरक पडतो.

गॅस पुन्हा पुन्हा भरावा लागत असेल तर गळती शोधल्याशिवाय भरू देऊ नका. फार जुन्या फ्रीझरमध्ये आर-12 गॅस असायचा. आपल्याकडे त्याचं उत्पादन बंद होऊन बरीच वर्षं झालीयत. आर-22 वर चालणारी उपकरणंही आता उतरणीला लागलीयत, मॉन्ट्रियल करारानुसार तो गॅस 2030 पर्यंत जवळजवळ संपवायचा आहे. अशा उपकरणाचा कॉम्प्रेसर गेला तर त्यावर खर्च करू नका.

बिलिंगच्या संगणकाबद्दल थोडक्यात: विंडोज 10 ला मायक्रोसॉफ्टने 14 ऑक्टोबर 2025 पासून नेहमीचे सुरक्षा सुधार देणं थांबवलंय. ज्यावर जीएसटीचं आणि बँकेचं काम चालतं तो संगणक विंडोज 11 घेत नसेल तर बदला. घेत असेल आणि नुसता मंद असेल तर एसएसडी (वेगवान डिस्क) आणि थोडी मेमरी घालून अजून काही वर्षं काढता येतात.

पायरी 8: नवं घ्यायचं ठरलं तर

यंत्र बघायला सियागंजला जाल, पालद्याच्या किंवा सांवेर रोडच्या एखाद्या कारखान्यात चालू यंत्रही बघाल. आपली मिरची-हळद बरोबर न्या. विक्रेत्याच्या मालावर दाखवलेलं प्रात्यक्षिक ग्राह्य धरू नका. वीस किलो तोलून, वेळ लावून, घरच्यासारखंच मोजा. जाळी आणि हातोड्या सियागंजात दुसऱ्या दुकानातही मिळतात का, हे विचारत फिरा. फक्त त्या एकाच माणसाकडे मिळणारा भाग म्हणजे उद्याची अडवणूक. सल्ला कोण देतंय तेही लक्षात असू द्या: मिस्त्रीची भाकरी दुरुस्तीवर आहे, विक्रेत्याची विक्रीवर. "अभी दस साल और चलेगी" हेही ऐकाल आणि "इसमें अब कुछ बचा नहीं" हेही, कधी कधी एकाच यंत्राबद्दल एकाच दुपारी. दोघं चांगली माणसं असतील, तरी वही तुमची आहे.

मोठ्या हॉर्सपॉवरचं यंत्र घेणार असाल तर आधी वीज बिलावरचा स्वीकृत भार, म्हणजे वीज कंपनीने मंजूर केलेला भार, बघा. तो ओलांडणार असेल तर पोलोग्राउंडच्या वीज कंपनीकडे किंवा तुमच्या झोन कार्यालयात भार वाढवायचा अर्ज आधी करा. दाराची रुंदी, जिन्याचं वळण, खालचा ओटा, हे टेपने मोजा. जुन्या घरांत यंत्र दारातच अडकलेलं मी पाहिलंय.

पैशाचं. यंत्रावर भरलेला जीएसटी नेहमीच्या नोंदणीत परत जमा मिळतो, कंपोझिशनमध्ये (छोट्या धंद्यांसाठीच्या ठरावीक दराच्या योजनेत) मिळत नाही. जमा घेतलेल्या करावर घसारा, म्हणजे यंत्र झिजतं म्हणून दर वर्षी खर्चात धरायची रक्कम, लावता येत नाही. आयकरात साध्या यंत्रसामग्रीला वर्षाला 15 टक्के आणि संगणकाला 40 टक्के घसारा मिळतो. वर्षात 180 दिवसांहून कमी वापर झाला तर त्या वर्षी निम्माच, म्हणून घ्यायचंच असेल तर सप्टेंबरअखेरच्या आत बसवून चालू केलेलं बरं. अंदाजी नफ्याच्या पद्धतीने विवरण भरत असाल तर घसारा वेगळा मिळत नाही. केवळ कर वाचवायला यंत्र घेऊ नका, एवढं मात्र कळकळीने सांगते.

कर्जाला मुद्रा योजनेत किशोर गटात 50,000 ते 5 लाखांपर्यंत विनातारण मिळतं. खाद्यप्रक्रियेच्या छोट्या उद्योगांसाठी 2020 साली सुरू झालेल्या केंद्राच्या पीएमएफएमई योजनेत 35 टक्के, जास्तीत जास्त 10 लाखांपर्यंत अनुदान आहे. मध्य प्रदेशात ती उद्यानिकी विभाग बघतो. सध्याची स्थिती तिथे जाऊन विचारा. अनुदान बँकेच्या कर्जाला जोडलेलं असतं, म्हणून आधी मंजुरी आणि मग खरेदी.

आणि ठेवायचं ठरलं तरी दर महिन्याला थोडी रक्कम यंत्राच्या नावाने वेगळ्या खात्यात टाका. वरच्या उदाहरणातल्या चक्कीसाठी महिना 1,500 टाकले तर पाच वर्षांत 90,000 होतात, तेही व्याज न धरता. इंदूरची हुकुमचंद कापड मिल 1991 साली बंद पडली, तिच्या आसपासच्या गिरण्यांचे भोंगेही एकेक करून थांबले. देशभरातल्या कापड गिरण्या बुडाल्या त्याला कारणं पुष्कळ होती, पण कमाईतून यंत्रांसाठी वेळेवर पैसा न काढणं हे त्यांतलं एक होतं. छोट्या धंद्यालाही तेच लागू पडतं, फक्त तिथे हजारो कुटुंबं होती आणि इथे एक-दोन.

पायरी 9: जुन्याची रवानगी

नवं यंत्र आल्याच्या दिवशीच जुनं उचलायला देऊ नका. जागा असेल तर एक हंगाम राहू द्या. नव्याच्या तक्रारी पहिल्या दोन-तीन महिन्यांत निघतात.

विकताना अख्खं विकायचं की भंगारात, हे दोन्ही भाव काढून बघा. चालू यंत्राला नवखा उद्योजक कबाड्यापेक्षा बराच जास्त देतो. मोटर वेगळी विका, तांब्यामुळे तिला भाव असतो. कबाड्याकडे देताना वजन आपल्यासमोर करून घ्या. संगणक, प्रिंटर, फ्रीझर या ई-कचऱ्यात मोडतात. ते कबाड्याऐवजी नोंदणीकृत रिसायकलरकडे द्या. संगणक देण्याआधी हार्ड डिस्क काढून ठेवा, त्यात तुमच्या गिऱ्हाइकांची खाती आहेत. इन्व्हर्टरची बॅटरी नवी घेताना दुकानदार जुनी घेऊन किंमत कमी करतो, तसंच करा.

ज्या यंत्रावर घेताना जीएसटी जमा घेतला होता, ते विकताना कर लागतो, म्हणून विक्रीचं बिल करा आणि मिळालेली रक्कम खात्यात दाखवा. घसाऱ्याच्या हिशेबात ती वजा होते. बिलाची एक प्रत सीएकडे द्या आणि एक त्या यंत्राच्या पानाला टाचा.